भाऊबीज झाली की कोकणात: कोणता किनारा घ्यावा, कोणता सोडावा

वाचकाचं पत्र

काकू, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने कोकणात निघायचं ठरलं आहे. जायचे-यायचे धरून पाच दिवस आहेत. आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई (त्यांचे गुडघे दुखतात) आणि इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या, असे सहाजण. मुलांनी रील्स बघून चौदा किनाऱ्यांची यादी काढली आहे: गणपतीपुळे, आरे-वारे, भाट्ये, गणेशगुळे, देवघळी, कुणकेश्वर, तांबळडेग, चिवला, तारकर्ली, देवबाग संगम, भोगवे, निवती, मोचेमाड, शिरोडा. पुतण्याला सर्फिंग करायचं आहे. तो म्हणतो, मला पोहता येतं, काळजी करू नका. मला मात्र पाण्याची भीती वाटते आणि सगळ्यांना सांभाळून आणायची जबाबदारीही माझ्यावरच येणार. फोटोत सगळे किनारे सारखेच सुंदर दिसतात. यातले कोणते घ्यावेत आणि कोणते सोडावेत, तुम्हीच सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं ते तुम्ही भीती मोकळेपणाने लिहिलीत म्हणून. ती भीती टाकून देऊ नका. सहाजणांत एकाला तरी ती असायलाच हवी. माझं माहेर देवगड तालुक्यातलं आणि सासर सोलापूरचं, त्यामुळे हा प्रश्न दोन्हीकडून माझ्या ओळखीचा आहे. आपल्याकडची माणसं वर्षभर कोरड्या उन्हात काढतात आणि समुद्र दिसला की चप्पल हातात घेऊन थेट आत शिरतात. कोकणातली माणसं आधी दहा मिनिटं काठावर उभी राहून बघतात. ती दहा मिनिटं काय बघायचं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. किनारा निवडायचं सगळं गणित त्यातच आहे.

फोटोत किनारे सारखे दिसतात, कारण फोटोला उतार दिसत नाही आणि वेळ दिसत नाही. रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतचा आपला किनारा सरळ नाही. सह्याद्रीचे फाटे, काळा कातळ आणि जांभ्याचे सडे थेट समुद्रात घुसलेले आहेत. दोन टेकड्यांमध्ये जिथे जागा मिळाली तिथे वाळू साठली, म्हणजे पुळण तयार झाली. त्यामुळे प्रत्येक पुळणीचा स्वभाव निराळा. एका टेकडीअलीकडे मूल गुडघाभर पाण्यात खेळेल आणि तीच टेकडी ओलांडली की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही पाय सुटतील. शेजारचा किनारा सुरक्षित होता म्हणून हाही असेल, हा हिशेब कोकणात चालत नाही.

उतार ओळखायचा कसा? लाट कुठे फुटते ते बघा. लांबवर फुटून, पांढऱ्या फेसाच्या दोन-तीन रांगा करत, दमत दमत ती पायाशी येत असेल तर खालची जमीन पसरट आहे. अगदी काठाशी येईपर्यंत लाट फुटतच नसेल आणि मग एकदम उभी राहून धप्पकन आदळत असेल, तर तिथे जमीन घराच्या जोत्यावरून खाली पाय टाकावा तशी एकदम उतरते. अशा ठिकाणी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या माणसालाही परतणारी लाट पाडते, कारण ती पायाखालची वाळूच ओढून नेते. दुसरी खूण टाचेची. ओल्या वाळूवर चार पावलं चाला. वाळू बारीक, दाबून बसलेली असेल तर टाच जेमतेम उमटते. अशा पुळणी बहुतेक सपाट असतात. वाळू जाड, भरड असेल आणि टाच खोल रुतत असेल, तर पुढे उतार तीव्र असणार असं समजा. भरड वाळूत लाटेचं पाणी मुरून जातं, परतीच्या पाण्याला ती वाळू खाली नेण्याइतका जोर उरत नाही आणि ढीग उभाच राहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. काठावरून बघताना डावीउजवीकडे लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद रंगाचा, फेस नसलेला दिसतो. सोलापूरहून गेलेलं माणूस म्हणतं, इथे लाटा नाहीत, मुलांना इथेच सोडू. तीच जागा टाळायची. दोन्ही बाजूंनी काठावर आलेलं पाणी परत समुद्रात जाण्यासाठी तोच रस्ता धरतं. तिथे तळ खरवडून खोल झालेला असतो म्हणून लाट फुटत नाही, आणि पाणी माणसाला घेऊन सरळ आत जातं. त्या ओढीत कोणी सापडलंच तर काठाच्या दिशेने झुंजायचं नाही, त्यात दम संपतो आणि माणूस बुडतं. काठाला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे, जिकडे फेस दिसतो तिकडे सरकायचं. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून हाक मारायची. ओढ पुढे जाऊन सैल पडते. हे तुमच्या पुतण्याला निघण्याआधी समोर बसवून सांगा. पोहता येतं हे तो खरंच सांगत असेल, पण तलावातलं किंवा विहिरीतलं पाणी जागेवर असतं. तिथे दमलं की कठडा असतो, समुद्रात तो नसतो.

आता वेळ. यासाठी मोबाइलच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. दाते पंचांग तर आपल्या सोलापूरचंच, आणि तिथी बघितल्याशिवाय आपल्याकडे पान हलत नाही. माझ्या माहेरी त्याच तिथीवरून समुद्राची वेळ काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे तीनाने गुणून चाराने भागायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासून एक असंच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. नक्की वेळ लागली तर मोबाइलवर ज्या-त्या गावाची भरती-ओहोटी मिळते, पण हा हिशेब डोक्यात असला की नुसत्या तिथीवरून दिवस आखता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

तुमच्या सहलीचाच हिशेब करू. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तुम्ही तृतीयेला निघणार आणि सप्तमीला परतणार. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नऊला. पंचमीला ओहोटी पावणेदहा, षष्ठीला साडेदहा. म्हणजे तिन्ही दिवस सकाळी तुम्हाला मोठी, मोकळी पुळण मिळणार आणि अमावास्येचं उधाणही ओसरत चाललेलं असणार. मुलांसाठी याहून चांगले दिवस तुम्ही मुद्दाम शोधले असते तरी मिळाले नसते. पाण्यात उतरायचं ते ओहोटी संपून पाणी पुन्हा चढू लागल्यावर, म्हणजे पंचमीला साधारण साडेदहा ते साडेबारा. पाणी उतरत असताना, विशेषतः खाडीच्या तोंडाशी, पाण्यात जायचं नाही. क्षयतिथी किंवा वृद्धितिथी आली तर एखादा दिवस पुढेमागे होईल, तेवढं कॅलेंडरवर तपासून घ्या.

एवढं कळलं की यादी आपोआप आखडते. चौदा किनारे पाच दिवसांत बसवायचे म्हणजे सहा माणसं गाडीतच बसून राहणार. सोलापूर ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरी. पहिला दिवस त्यातच गेला, शेवटचाही जाणार. हातात उरतात तीन दिवस. खरं सांगायचं तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोन जिल्हे एका फेरीत घेऊ नयेत असं माझं मत आहे. पण सासूबाई बरोबर आहेत, तुम्ही कोकणात जाणार आणि गणपतीपुळ्याला न जाता परतणार, हे त्यांना रुचायचं नाही. शिवाय तुमची चतुर्थी तिथेच येते आहे, विनायकी चतुर्थी. तेव्हा पहिली रात्र गणपतीपुळे आणि पुढच्या तीन रात्री मालवण, असा मधला मार्ग काढू.

गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी समुद्रालगत आहे. मागची टेकडी हेच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा त्या अख्ख्या टेकडीला घालायची असते. ती वाट साधारण एक किलोमीटरची आहे. सासूबाईंना झेपली तर सावकाश, नाहीतर मुलांना पाठवा. पहाटे लवकर रांगेत उभे राहा, विनायकीची गर्दी असणार. आणि पाण्यात मात्र कोणीही उतरायचं नाही. तिथला उतार फसवा आहे आणि पाण्याला ओढ आहे. दर्शनाला आलेली माणसं देवाच्या दारात काय व्हायचंय म्हणून आत जातात, आणि तिथे बुडून गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. धोक्याचे फलक लावलेले आहेत, त्यांचं ऐका. मुलं हट्ट करतील. त्यांना आधीच, घरीच सांगून ठेवा की गणपतीपुळ्याला दर्शन आणि वाळू, मालवणला पाणी. तिथे गेल्यावर नाही म्हणणं फार अवघड जातं.

तिथून रत्नागिरीकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघालात की वाटेत आरे-वारे लागतं. वळणावर गाडी बाजूला घेऊन वरून बघा. एका बाजूला सुरूचं बन, खाली पांढऱ्या लाटांच्या रांगा आणि मधून वळत जाणारा रस्ता. फोटो इथेच काढा. खाली उतरून पाण्यात जाऊ नका, तिथेही ओढ आहे आणि रस्त्यावरून ती दिसत नाही. कवितेची आवड असेल तर गणपतीपुळ्याच्या जवळच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, अर्धा तास पुरतो. मुलीच्या मराठीच्या पुस्तकात ते असतीलच. भाट्ये आणि गणेशगुळे या खेपेला सोडा. भाट्ये सपाट, लांब आणि छान आहे, पण एका टोकाला काजळी नदी समुद्राला मिळते आणि तुमच्याकडे तेवढा वेळही नाही.

देवघळी मात्र वाटेत घ्याच. पावसवरून पुढे कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. महाराष्ट्रात सूर्याची देवळं मोजकीच, त्यांपैकी हे एक. सासूबाईंना तिथे सभामंडपात गार बसता येईल. तिथून जवळच कड्याखाली देवघळीची छोटीशी पुळण आहे, तिन्ही बाजूंनी कातळ. रीलमध्ये लोक खाली वाळूत उभे दिसतात. तुम्ही पोहोचाल दुपारी एक-दोनच्या सुमारास आणि त्या दिवशी भरती आहे तीनला. म्हणजे खाली वाळू जेमतेम उरलेली असेल आणि लाटा कातळावर आपटत असतील. तुम्ही वरच थांबा. वरून भरतीची देवघळी ओहोटीच्या देवघळीपेक्षा जास्त देखणी दिसते हे मी खात्रीने सांगते. फक्त कड्याच्या अगदी टोकाशी जाऊ नका आणि सेल्फीसाठी पाठ समुद्राकडे करून मागे सरकू नका. पावसाळा नुकताच सरलेला असतो, जांभ्यावरचं शेवाळ वरून वाळलेलं दिसलं तरी पाय घसरतो. मग राजापूरवरून महामार्गाला लागा आणि कसालवरून मालवण गाठा. किनाऱ्या-किनाऱ्याने गेलं तर रस्ता सुरेख आहे, पण खाड्यांना वळसे घेत रात्र होईल.

मालवणात तुमचा मुख्य किनारा चिवला. मोठं नाव नाही, फोटोत फार काही दिसतही नाही, आणि तुमच्या कुटुंबासाठी मी तोच पहिला निवडला असता. समुद्रात पुढे खडक आहेत, ते लाटेचा जोर आधीच मोडतात, त्यामुळे पाणी काठाशी बरंचसं निवांत असतं. हिवाळ्यात तिथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. रस्ता वाळूला लागून आहे, सासूबाई गाडीतून उतरल्या की दहा पावलांवर नारळाच्या सावलीत खुर्ची टाकून बसू शकतील आणि तिथून नातवंडं त्यांच्या नजरेसमोर राहतील. पंचमीला सकाळी लवकर गेलात तर रापण ओढताना दिसण्याची शक्यता आहे. होडीने अर्धगोल घालून सोडलेलं ते लांबच लांब जाळं, त्याचे दोन्ही दोर काठावरून माणसं ओढतात. म्हातारे, बायका, पोरं सगळी एका लयीत, कमरेत वाकून, टाचा वाळूत रोवून मागे मागे येतात. दोर हाताला काचतो आणि त्यातून खारं पाणी ठिबकत राहतं. जाळं काठाला लागतं तेव्हा आधी काहीच दिसत नाही. मग पाणी फडफडायला लागतं, चांदीचा एक पट्टा उसळतो आणि कावळे, घारी, बगळे सगळे एकदम खाली येतात. दोराला हात लावू का म्हणून विचारलंत तर मुलाला कोणी नाही म्हणणार नाही. तुम्ही शाकाहारी असलात तरी हे बघायला चुकवू नका.

त्याच सकाळी ओहोटीची ओली वाळू खाली वाकून बघायला मुलांना सांगा. बाजरीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, एका बारीक भोकाभोवती फुलासारख्या मांडलेल्या दिसतील. ते खेकड्यांचं काम आहे, नखाएवढे खेकडे. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेली गोळी करून बाजूला ठेवतात. सावली पडली की क्षणात भोकात. हालचाल न करता थांबलं की पुन्हा बाहेर येतात. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचा तासभर जाईल आणि तुम्हाला तेवढा वेळ त्याच्यामागे धावावं लागणार नाही. खडपावर मात्र अनवाणी जाऊ देऊ नका, कातळाला चिकटलेली कालवं, म्हणजे धारदार शिंपले, ब्लेडसारखी पाय कापतात. पट्टा असलेली सँडल प्रत्येकाला हवीच.

रापण बघून झाली की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पंचमीला सकाळी पहिल्या फेरीतच धरा आणि मग पाण्यात उतरायला पुन्हा चिवल्यावर या. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. चहूबाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको, सोलापूरच्या माणसाला त्या विहिरी तटबंदीइतक्याच मोलाच्या वाटतील. होडीत चढताना-उतरताना पायरी हलते आणि आत चालणंही बरंच आहे, तेव्हा सासूबाईंना गुडघ्यांचं विचारून ठरवा. त्या तुमच्यासाठी म्हणून हो म्हणतील, म्हणून दोनदा विचारा. होडीत लाइफ जॅकेट घालायचं आणि त्याचे पट्टे बांधायचे. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर निघून जातं.

संध्याकाळी तारकर्ली. लांब, स्वच्छ पुळण, पाठीमागे सुरूची झाडं. सूर्यास्त सहाच्या आसपास, तेव्हा भरती होऊन पाणी उतरायला लागलेलं असेल, म्हणून बसायचं, चालायचं, पाण्यात नाही. देवबागचा संगम आणि तिथली ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात ती वाळूची पट्टी मी तुमच्या यादीतून काढते आहे. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. नदीचं पाणी एकीकडून, भरतीचं दुसरीकडून, आणि खालची वाळू रोज जागा बदलते. काल गुडघाभर असलेली जागा आज डोक्यावर असू शकते. पोहता न येणाऱ्या माणसांनी आणि मुलांनी तिथे उतरावं असं मला अजिबात वाटत नाही. बघायचंच असेल तर देवबागच्या काठावरून बघा.

षष्ठीला भोगवे. मालवणहून कर्लीचा पूल ओलांडून, परुळ्यावरून तास-सव्वा तासाचा रस्ता. नाश्ता करून आठला निघालात की ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी पोहोचाल. तुमच्या यादीतला सगळ्यात देखणा किनारा मला हाच वाटतो. लांबच लांब मोकळी वाळू, कडेला माड, आणि उत्तर टोकाला पलीकडे देवबाग. पण ते टोक म्हणजे पुन्हा तीच कर्ली, तिकडे फक्त चालत जायचं. मध्यावर लाटांच्या रांगा बघून, काठावरच्या मच्छीमारांना विचारून, मुलांना गुडघ्यापर्यंत भिजू द्या. मोठ्या माणसाने मुलांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, काठावर बसून लक्ष ठेवायचं नाही. जवळच निवती आहे, किल्ल्याच्या टेकडीवरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. सासूबाई खाली गावात थांबतील, बाकीचे पटकन जाऊन येतील.

कुणकेश्वर सोडायला सांगताना मला वाईट वाटतंय. आमच्याकडचा महादेव तो, देवळाच्या पायरीशी लाट येते. पण त्यासाठी आणि तांबळडेगसाठी देवगडला एक रात्र हवी. मोचेमाड, शिरोडा, आरवलीचा वेतोबा हे वेंगुर्ल्याकडचं सगळं पुढच्या खेपेला, आंबोली घाटाने उतरून. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, मुलीला तेव्हा ते दाखवता येईल.

पुतण्याचं काय? सर्फिंगला त्याला एकदम नकार देऊ नका आणि लगेच होकारही देऊ नका. पावसाळ्यातला आपला समुद्र शिकाऊ माणसाचा नाही. दिवाळीनंतर लाटा लहान होतात, शिकण्यापुरत्या असतात, पण फळी कुठूनतरी भाड्याने घेऊन एकट्याने उतरणं म्हणजे सर्फिंग नव्हे. शिकायचं असेल तर कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्कीला रीतसर सर्फिंगच्या शाळा आहेत, जवळच्याच ससिहित्लूच्या किनाऱ्यावर देशपातळीवरच्या स्पर्धा होतात. तिथे त्याने मित्रांबरोबर चार दिवस जावं. आधी फळीवर पालथं पडून तोल सांभाळायला आणि फेसाची लाट पकडायला शिकवतात, उभं राहणं नंतर. या खेपेला त्याला एक काम द्या: प्रत्येक किनाऱ्यावर पोहोचलं की दहा मिनिटं उभं राहून उतार, लाटांच्या रांगा आणि तो गडद पट्टा शोधायचा आणि मग सगळ्यांना सांगायचं, उतरायचं की नाही. पोहणाऱ्या मुलाला जबाबदारी दिली की तो जपून वागतो, आणि पुढे फळीवर उभं राहायचं असेल तर हेच डोळे लागतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान बघायला विसरू नका. दिवाळीचा काळ म्हणजे अरबी समुद्रात वादळं होण्याचेही दिवस. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं होतं, २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यारमुळे समुद्र खवळला होता. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा बातम्यांत येतो. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर आपण घोटाभर पाण्यातही जायचं नाही. तेवढे दिवस देवळं, किल्ले आणि खाणं.

खाण्याचं सासूबाईंसाठी सांगते. मासळीचा वास सगळीकडे असणार, पण मालवणात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, घावन, सोलकढी आणि गोडात खापरोळी. खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवलं तर वेगळं करून देतात. तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा गाडीत असू द्या, घाटात मुलांना भूक लागते. शेंगाचटणी दमट हवेत लवकर मऊ पडते, घट्ट झाकणाची बरणी घ्या. पाणी भरपूर प्या. घाम सोलापुरात येतो तसा सुकत नाही म्हणून कळत नाही, पण शरीर कोरडं पडतं. रेतीवरच्या उन्हात दोन तासांत मुलांची पाठ भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे बरे. आणि पाण्यात जाताना साडी, ओढणी, जीन्स नको, भिजली की पाय जखडतात.

परतताना सप्तमीला मालवणहून सकाळी सहाला निघा. कणकवलीवरून फोंडा घाटाने राधानगरी, कोल्हापूर, मग मिरज, सांगोला, मंगळवेढा. निघायच्या आधी घाट सुरू आहे ना, ते खानावळवाल्यांना विचारून घ्या. पावसाळ्यानंतर दुरुस्तीची कामं चालू असतात. फोंडा बंद असला तर गगनबावड्याकडचा रस्ता विचारा. घाट दिवसाउजेडी आणि पोटात थोडंच असताना चढायचा. आदल्या रात्री गाडीचं खालचं अंग गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर महिन्याभरात पत्रा गंजायला लागतो. ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, वाळू घरापर्यंत येतेच.